नवी बॅटरी, दुरुस्त अल्टरनेटर, तरी लाल दिवा विझेना

वाचकांचे प्रश्न : गाडीची वायरिंग

ताई, नमस्कार. गेल्या फेब्रुवारीत मी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. २००९चं मॉडेल, १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण झालेलं, ७४ हजार किलोमीटर चाललेली. पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिला आठवड्यातून तीन संध्याकाळी धायरीहून कर्वे रस्त्याला फिजिओथेरपीसाठी न्यावं लागतं, म्हणून घेतली. एप्रिलपासून डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा गाडी चालू झाल्यावरही पुरता विझत नाही. निखाऱ्यासारखा मंद राहतो. दिवसा हाताचा आडोसा केला तरच दिसतो, रात्री हेडलाइट आणि एसी लावला की वाढतो. आधी बॅटरी बदलली, ४,८०० रुपये. फरक नाही. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र, उतरवून कार्बन, बेअरिंग, डायोड प्लेट सगळं नवीन बसवलं, ३,६०० रुपये. दुकानदारानं टेबलावर फिरवून १४.३ व्होल्ट दाखवले. बॅटरीवाल्यानं गाडीवर मीटर लावला तेव्हा १३.१ आले. तो म्हणाला, चार्जिंग होतंय, दिव्याकडे बघू नका. जुलैत भर पावसात राजाराम पुलाच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं म्हणून गाडी बंद केली, ती पुन्हा चालूच झाली नाही. नवी बॅटरी तीन महिन्यांत उतरली होती. आता तिसरा मेकॅनिक म्हणतो, पूर्ण वायरिंग बदला, १८ हजार. बदलू का?
— एक निवृत्त ग्रंथपाल, धायरी

काका, वायरिंग बदलू नका. कुणालाही एक रुपयासुद्धा देण्याआधी हे उत्तर पूर्ण वाचा आणि शक्य झालं तर एक साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, घ्या. तीन-चारशे रुपयांत मिळतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोन आकडे तुम्ही जपून लिहिलेत, त्याबद्दल तुमचे आभार, कारण सगळं त्यांच्यातच आहे. अल्टरनेटरवाल्याला १४.३ दिसले, बॅटरीवाल्याला १३.१. दोघंही खोटं बोललेले नाहीत. टेबलावर अल्टरनेटरला गाडीइतका भार ओढायचा नसतो, त्यामुळे हे आकडे सरळ वजा करून चालणार नाही. पण रोख कळतो. वीज तयार होते आहे, बॅटरीपर्यंत पुरती पोहोचत नाही. मधे कुठेतरी सांडते आहे. तुमच्याकडून बदलून घेतल्या त्या मधल्या वाटेच्या दोन टोकांच्या वस्तू. वाट कुणी तपासलीच नाही.

आधी हा दिवा काय सांगतो ते समजून घेऊ. त्यावर चित्र बॅटरीचं आहे, म्हणून लोक आधी बॅटरी बदलतात. रास्ता पेठेत आमच्या दुकानात बाबांच्या वेळची माणसं त्याला ‘चार्जिंग लाइट’ म्हणायची, आणि तेच नाव बरोबर आहे. तुमच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत या बल्बचं एक टोक चावीतून येणाऱ्या बॅटरीच्या वायरला असतं आणि दुसरं अल्टरनेटरला. इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली की एका टोकाला १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला जवळजवळ काहीच नाही. बल्ब लख्ख लागतो, आणि त्याच्यातून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरला जागं करतो. इंजिन फिरू लागलं, अल्टरनेटर वीज बनवू लागला, की दोन्ही टोकांना सारखेच १४ व्होल्ट येतात. तराजूची पारडी समान झाली की काटा मधोमध थांबतो, तसा बल्ब विझतो.

म्हणून पूर्ण लागलेला दिवा आणि मंद लागलेला दिवा हे दोन वेगळे आजार आहेत. गाडी चालू असताना पूर्ण लागला तर चार्जिंगच होत नाही. मंद राहिला तर दोन पारड्यांत थोडासा फरक उरलाय. तो अल्टरनेटरच्या आतल्या बिघडलेल्या डायोडमुळे (डायोड म्हणजे करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असू शकतो, पण तुमची डायोड प्लेट नवी आहे. तो वायरीतही असू शकतो. हेडलाइट आणि एसी लावल्यावर दिवा वाढतो असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून माझा संशय वायरीवर जास्त बसला. करंट जितका जास्त, तितकं खराब जोडावर जास्त सांडतं.

किती सांडतं ते बघा. दोन हेडलाइट मिळून ९-१० अँपिअर घेतात. ब्लोअर, वायपर, रेडिएटरचा पंखा आणि बॅटरी भरणं हे सगळं धरलं की अल्टरनेटरच्या जाड वायरीतून २५ अँपिअर सहज वाहतात. त्या वायरीच्या एखाद्या थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या, बोल्टखाली आवळायच्या धातूच्या कडीत) गंजामुळे फक्त ०.०४ ओमचा अडथळा असला, तर तिथे पूर्ण १ व्होल्ट जातो. मीटरच्या ओमच्या रेंजवर हा अडथळा धड दिसतही नाही, मीटरच्या पिनांचाच अडथळा त्याहून जास्त असतो. आणि त्या एवढ्याशा जागेत २५ वॉट उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचाच असतो. म्हणून अशा जोडाजवळचं वायरीचं आवरण कडक, काळपट झालेलं सापडतं.

आता तपासणी. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. मी कामाला बसताना बांगड्या काढूनच बसते. पाना आणि अंगठी मिळून प्लस-मायनस जोडले गेले तर अंगठी बोटावर लाल होते. बाही आणि वायरी फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा. शेजारी कुणीतरी असू द्या.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मीटर लावा. १२.४ ते १२.६ हवेत. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. मग इंजिन चालू करून पुन्हा तिथेच लावा. १३.८ ते १४.४ हवेत. तुमचे १३.१ येतात. १३.१ला चार्जिंग ‘होतंय’ हे खरं, पण १२ व्होल्टची बॅटरी पुरती भरायला तिच्यावर १४च्या आसपास व्होल्ट लागतात. तुमची बॅटरी रोज अर्धपोटी राहिली. त्यात संध्याकाळची सिंहगड रस्त्याची गर्दी : इंजिन आयडलवर, एसी, वायपर, हेडलाइट चालू, आणि गाडी दहा-दहा मिनिटं जागची हलत नाही. राजाराम पुलाजवळ झालं ते त्या एका संध्याकाळचं नव्हतं, तीन महिन्यांचं साचलेलं होतं.

यानंतरची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती तुमच्या तिन्ही मेकॅनिकपैकी एकानंही केलेली दिसत नाही. इंजिन चालू, हेडलाइट हायबीमवर, ब्लोअर पूर्ण, एसी चालू. मदतनीसाला हलकासा अॅक्सिलरेटर देऊन इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास धरायला सांगा. मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या प्लसवर. दोन्ही पिना प्लसवरच, हे वाचून गोंधळू नका. आपल्याला वाटेत किती सांडलं तेच मोजायचंय. काळी पिन क्लॅम्पवर न ठेवता मधल्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, नाहीतर क्लॅम्पखालचा गंज मोजणीतून सुटेल.

आकडा ०.२च्या आत असला तर वायर चांगली. ०.३ आला तर नजर ठेवा. ०.५च्या वर गेला तर चोर सापडला. तुमच्याकडे तो १च्या आसपास येईल असं मला वाटतं. मग एक पिन तिथेच ठेवून दुसरी वाटेनं पुढे सरकवत न्या : बोल्ट, थिंबल, वायरीचं दुसरं टोक, बॅटरीजवळच्या डबीतल्या मोठ्या फ्यूजची अलीकडची बाजू, पलीकडची बाजू. जिथे आकडा उडी मारतो, तिथे दोष आहे.

हीच मोजणी मायनसच्या बाजूनंही करा. एक पिन अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर, दुसरी बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर. इथेही ०.२च्या आत हवं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याची अर्थिंग, म्हणजे मायनसची वाट, एका जाड पट्टीनं किंवा वायरीनं बॉडीला आणि बॅटरीला जोडलेली असते. प्लसची वायर सगळे बघतात, अर्थिंगची कुणी बघत नाही, आणि जुन्या गाडीत मला जास्त वेळा अर्थिंगच खराब सापडली आहे.

इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. मी १९ वर्षांची होते आणि बाबांच्या हाताखाली नुकती एकटीनं काम करू लागले होते. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक व्हॅन आली, दिवा असाच मंद. मी अल्टरनेटर उतरवला, कार्बन झिजलेले दिसले, बदलले, पैसे घेतले. चार दिवसांनी व्हॅन टो होऊन परत आली. बाबांनी इंजिनच्या अर्थिंगचा बोल्ट उघडून माझ्या हातात दिला. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं होतं आणि पट्टी ताज्या रंगावरच आवळली होती. बोल्टच्या चार आट्यांतून काय येईल तेवढीच अर्थिंग. सँडपेपरनं रंग खरवडून धातू उघडा केला, पट्टी घासून पुन्हा आवळली, दिवा विझला. खर्च शून्य. बाबांनी माझ्यासमोर त्या व्हॅनवाल्याला माझी मजुरी परत दिली. त्या गाडीत बारा मुलं बसायची. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय मी वस्तू उतरवत नाही.

तुमच्या गाडीच्या बॉनेटखालचा, पुढच्या फेंडरच्या आतला रंग बघा. बोल्टच्या डोक्यांवर रंग चढलेला असला किंवा दोन बाजूंच्या छटा वेगळ्या असल्या, तर विकण्याआधी पुढून काम झालंय आणि अर्थिंगचे बोल्ट एकदा तरी उघडले गेलेत. आधीच्या मालकानं अॅम्प्लिफायर, जादा हॉर्न, फॉग लॅम्प बसवले होते का, तेही शोधा. त्यांच्या वायरी कापून टाकून देतात, पण बॅटरीच्या क्लॅम्पखाली कोंबलेलं टोक तसंच राहतं आणि क्लॅम्प नीट बसत नाही.

दुरुस्ती दोषाएवढीच करा. क्लॅम्पवर पांढरी भुकटी असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पितळी ब्रशनं घासा, कोरडं करून आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. उलट क्रमानं केलंत तर काय आवळलंय ते दिसणार नाही. थिंबलमध्ये तांब्याला हिरवट थर आला असेल तर मागे चांगलं तांबं लागेपर्यंत वायर कापून नवीन थिंबल प्रेसनं दाबून घ्या, पक्कडनं चेपलेली नको. पूर्ण वायरच कडक झाली असेल तर नाना पेठेत तांब्याची १६ स्क्वेअर एमएम वायर फुटावर मिळते. मोठा फ्यूज खराब निघाला तर त्याच अँपिअरचा घ्या, मोठा घेऊ नका आणि मधे तार तर कधीच टाकू नका. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा.

दोन्ही मोजण्या चांगल्या आल्या आणि तरी दिवा राहिला, तर वाट चावीकडून खराब असू शकते. बॅटरीचा प्लस आणि डॅशबोर्डच्या मीटरचा फ्यूज यांच्यात तसंच मोजा. जुन्या इग्निशन स्विचचे आतले पॉइंट काळे पडतात, मग बल्बच्या चावीकडच्या टोकाला व्होल्ट कमी येतात आणि अल्टरनेटरकडून उलटा करंट येऊन तो मिणमिणतो. तिथेही काही नसेल तर नवी डायोड प्लेट पुन्हा तपासायला लागेल. चालू गाडीत बॅटरीवर मीटर एसी व्होल्टला (हा एसी म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज, गारव्याचा एसी नव्हे) लावून अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर डायोडवर संशय घ्यायचा. पण स्वस्त मीटर एसीवर डीसीलाही फसतात. पिना उलट्या करून बघा. आकडा फारच बदलला तर त्या मीटरच्या भरवशावर काही ठरवू नका.

एक कळकळीची विनंती. कुणी चालू गाडीत बॅटरीची वायर काढून ‘बघा, गाडी चालू राहते म्हणजे अल्टरनेटर चांगला’ असं दाखवायला लागला, तर त्याला हात लावू देऊ नका. जुन्या डायनामोच्या काळातली ती पद्धत आहे. बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरचे व्होल्ट क्षणात दुप्पट-तिप्पट होऊ शकतात आणि तुमच्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. त्याचा खर्च त्या १८ हजारांच्याही पुढे जाईल.

आणि ती नवी बॅटरी वाया गेली असं समजू नका. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर मात्र जाईल. बाहेरच्या चार्जरवर ३-४ अँपिअरनं रात्रभर हळू भरून घ्या. फास्ट चार्जिंग नको. वॉरंटीचं कार्ड जपून ठेवा. मीटरचे आकडे मिळाले की मला लिहा : बॅटरी, प्लसची वाट, मायनसची वाट. एवढ्यात बहुतेक काम होईल. तोवर काकूंना फिजिओथेरपीला नेताना गाडी तिथे पोहोचेपर्यंत मधे बंद करू नका.

ताई, पाण्याच्या डबक्यातून गाडी गेली की चीं असा आवाज येतो, बॅटरीचा दिवा लागतो आणि पाच मिनिटांनी आपोआप विझतो. अल्टरनेटर बदलावा का?
— एक वाचक, चिंचवड

बेल्ट ओला होऊन सरकतोय. अल्टरनेटरला हात लावू नका. इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध बेल्ट अंगठ्यानं दाबा. हातानं ताण लावायचा बेल्ट साधारण १ सेंटीमीटर आत जावा, जास्त जात असेल तर ताण द्यायला सांगा. बेल्टच्या आतल्या बाजूला भेगा असतील किंवा तो काचेसारखा चकाकत असेल तर नवाच घ्या. त्यावर साबण, मेण, ऑइल चोळायला देऊ नका, आवाज दोन दिवस जातो आणि बेल्ट संपतो. दिवा पूर्ण लागून तसाच राहिला, तर लगेच बाजूला थांबून बॉनेट उघडा. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, आणि तो तुटला असताना ‘जरा पुढे गॅरेजपर्यंत’ म्हणून चालवलेल्या गाडीचं इंजिन तापून त्याचं हेड (इंजिनचा वरचा भाग) खराब होताना मी पाहिलंय. बेल्ट शाबूत असला तर दिवसा, एसी बंद ठेवून, बॅटरीवर काही किलोमीटर जाता येतं. रात्री हेडलाइट लावून लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी जास्तीत जास्त तासाभराचीच सोबत आहे असं धरा.

आम्ही एक जुनी गाडी बघून आलो. चावी ऑन केल्यावर बॅटरीचा दिवा लागतच नाही. विकणारा म्हणतो, गाडी इतकी चांगली आहे की एकही दिवा लागत नाही. घ्यावी का?
— एक वाचक, हडपसर

अजून घेऊ नका. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे, इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब गेलाय, वायर तुटलीय किंवा कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय. असे कन्सोल माझ्या टेबलावर उघडले गेले आहेत, बल्बच्या जागी काळी चिकटपट्टी लावलेले. वर सांगितल्याप्रमाणे जुन्या गाड्यांत याच बल्बमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट जातो, त्यामुळे बल्ब नसला तर आयडलवर चार्जिंगच सुरू होत नाही, असंही होतं. पुन्हा जाल तेव्हा अंधार पडल्यावर जा. चावी ऑन करून मोबाइलवर कन्सोलचा फोटो काढा, मग इंजिन चालू करून दुसरा काढा, आणि हेडलाइट व एसी लावून तिसरा. मीटर सोबत न्या आणि बॅटरीवर १३.८च्या वर आकडा येतो का ते विकणाऱ्यासमोरच बघा.